अठ्ठावीस दिवसांची मुदत

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी राज्याचा जमाखर्च पाहत असे. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, घराण्यात वैद्यकी चालत आलेली. राजा सिंघणाच्या काळात त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ आजही भारतीय संगीताचा आधारग्रंथ मानला जातो. या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, स्वर आणि श्रुतींची चर्चा सुरू होण्याआधी, ‘पिंडोत्पत्ती’ नावाचं एक प्रकरण येतं. नाद देहातून उठतो, तेव्हा देह कसा घडतो हे आधी सांगायला हवं, अशी त्यामागची भूमिका. मग शार्ङ्गदेव गर्भ महिन्यामहिन्याने कसा वाढतो ते सांगत जातो. मराठवाड्याच्या मातीत लिहिलेलं गर्भाच्या वाढीचं हे वर्णन संगीताच्या पोथीत सापडतं, याचं मला फार अप्रूप वाटत आलं आहे.

शार्ङ्गदेवाच्या मागे वैद्यकाची मोठी परंपरा उभी होती. गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो, यावर चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये खुली चर्चा आहे. एक आचार्य म्हणतो आधी डोकं, कारण इंद्रियांचं मूळ तिथे. दुसरा म्हणतो हृदय, तिसरा म्हणतो नाभी, चौथ्याचं मत हातपाय. धन्वंतरीचा निर्वाळा असा की सगळे अवयव एकदमच उगवतात, फक्त सूक्ष्म असल्याने दिसत नाहीत. चरकाच्या चर्चेत मारीची कश्यप नावाचे आचार्य तर सांगतात, जे डोळ्यांना दिसत नाही त्याबद्दल विचार करून उपयोग नाही. सुश्रुताच्या हिशेबाने पाचव्या महिन्यात मन जागं होतं आणि सहाव्यात बुद्धी. मतं परस्परविरोधी असूनही ती सगळी नावानिशी नोंदवून ठेवली गेली, हे त्या काळाचं मोठेपण. पण अडचण कश्यपांनी सांगितली तीच होती. पाहायचं कसं?

ते पाहणं जमलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जर्मनीत लाइपझिगच्या विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञाने गर्भपातातून मिळालेल्या अगदी लहान मानवी गर्भांचे यंत्राने पातळ काप केले, प्रत्येक काप सूक्ष्मदर्शकाखाली रेखाटला आणि त्या रेखाटनांवरून गर्भाची आकृती पुन्हा उभी केली. पुढे अमेरिकेत फ्रँकलिन मॉल यांनी हजारो गर्भांचा संग्रह उभारला आणि वाढीचे टप्पे दिवसांच्या हिशेबात मांडता येऊ लागले. त्यातून जे समोर आलं ते धन्वंतरीच्या अंदाजाहूनही विलक्षण होतं.

गर्भधारणेनंतर अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी गर्भ जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो. त्याच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक सपाट पट्टी जाड होऊ लागते. भर उन्हात ज्वारीचं पान कडांनी आत वळतं, तशी ही पट्टी दोन्ही कडांनी उचलली जाते. बाविसाव्या दिवसाच्या आसपास कडा मानेच्या भागात एकमेकींना भेटतात आणि तिथून वर-खाली जुळत जाऊन एक नळी तयार होते. नळीचं डोक्याकडचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटतं, कंबरेकडचं अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. या नळीपासूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. वरचं तोंड उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी घडतच नाहीत आणि असं मूल जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर पाठीच्या कण्यात फट राहते. डॉक्टर त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. अशा मुलाचे पाय लुळे पडू शकतात, लघवी-शौचावरचा ताबा जाऊ शकतो, डोक्यात पाणी साठू शकतं.

त्यानंतरचं कामही अचाट आहे. पाचव्या आठवड्यात नळीच्या वरच्या टोकाला मेंदूचे पाच फुगे दिसतात. मग नळीच्या आतल्या भिंतीत चेतापेशी जन्माला येतात आणि लांब तंतूंना धरून बाहेरच्या थरापर्यंत चढत जातात. १९७०च्या दशकात पास्को राकिच यांनी हा प्रवास सविस्तर उलगडला. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूवर घड्या पडतात आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदू साधारण ३५० ग्रॅमचा होतो. पण पाया असतो त्या नळीचा. तिची मुदत संपते अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना तोवर आपल्याला दिवस गेल्याची खात्रीही नसते.

ही नळी मिटण्यासाठी आईच्या अंगात एक साधं जीवनसत्त्व पुरेसं असावं लागतं, हे कळायला मात्र विसाव्या शतकातली साठ वर्षं खर्ची पडली. त्या शोधाची सुरुवात मुंबईत, परळला झाली.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्लंडमधली डॉक्टर मुंबईत आली. तेव्हा तिचं वय चाळीस. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली होती. वैद्यकाकडे ती उशिरा वळली आणि १९२०मध्ये डॉक्टर झाली. मुंबईत मार्गारेट बॅलफोर या डॉक्टर बाईंच्या बोलावण्यावरून बाळंतपणातल्या मृत्यूंच्या चौकशीत ती सामील झाली. कामाची जागा होती परळची हाफकिन संस्था. पूर्वी गव्हर्नरांचं निवासस्थान असलेल्या त्या इमारतीत प्लेगच्या लसीचं काम चालत आलं होतं. लेडी टाटा स्मारक निधीने तिच्या संशोधनाला मदत केली.

प्रश्न जीवघेणा होता. गिरणगावातल्या आणि शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायका शेवटच्या महिन्यांत पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, अंगावर सूज येई आणि बाळंतपणात किंवा त्यानंतर काही दिवसांत कित्येकींचा मृत्यू होई. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी फार कमी असत, आणि असत त्या फुगून मोठ्या झालेल्या. नुसत्या लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. म्हणजे इथे कमतरता दुसऱ्याच कशाची तरी होती.

विल्सने आधी जंतुसंसर्गाची शंका तपासली. तिथे काही हाती लागलं नाही. मग तिने या बायका काय खातात, कुठे राहतात, याची पाहणी केली. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान बायकांचा होता आणि आजाराचं प्रमाणही त्यांच्यातच सर्वांत जास्त होतं. एम. एम. मेहता या सहकाऱ्याबरोबर तिने याचे लेख प्रसिद्ध केले. तिने त्या बायकांच्या जेवणासारखंच अन्न गाभण उंदरांना देऊन पाहिलं. उंदरांचं रक्त कमी झालं आणि पिल्लं होण्याआधीच ते मेले. अन्नात यीस्ट मिसळलं की ते तगत. पुढे लक्षात आलं की उंदरांच्या आजारात उवांतून आलेल्या एका जंतूचाही हात होता, त्यामुळे त्या प्रयोगाचा पुरावा कच्चा ठरला. पण यीस्टचा धागा तिने सोडला नाही. माकडांवर प्रयोग केले, आणि मग प्रत्यक्ष रुग्ण बायकांना मार्माइट देऊन पाहिलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खात. यकृताचा अर्क अशा आजारावर चालतो हे माहीत होतं, पण तो महाग. मार्माइट स्वस्त होतं.

परिणाम काही दिवसांत दिसू लागला. बायकांना भूक लागू लागली, रक्तात नव्या पेशी वाढू लागल्या. १९३१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये नेमकं काय आहे हे तिला सांगता आलं नव्हतं. जगाने त्या अनोळखी घटकाला ‘विल्स फॅक्टर’ असं तिचंच नाव दिलं. ज्या बायकांच्या रक्तावरून हे ज्ञान मिळालं, त्यांची नावं मात्र कुठल्याच ग्रंथात आलेली नाहीत. ही गोष्ट मला नेहमी सलते.

त्या वेळी मराठवाड्यातली आपली परभणी निजामाच्या राज्यात होती आणि परळच्या प्रयोगशाळेपासून सर्वार्थाने दूर होती. पण रक्त कमी होऊन बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या आठवणी आपल्याकडच्या कुठल्या घरात नाहीत?

पुढचे टप्पे भराभर आले. १९४१मध्ये टेक्सासच्या विद्यापीठात चार टन पालक गाळून हा घटक वेगळा काढण्यात आला आणि फॉलिक आम्ल हे त्याचं नाव रूढ झालं. १९४५मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या संशोधन विभागाचे प्रमुख होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पेशीला दुभंगून दोन व्हायचं असेल तर जनुकीय द्रव्याची नवी प्रत काढावी लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्ल लागतं, हे आता स्पष्ट झालं. म्हणूनच अस्थिमज्जेत जिथे रक्तपेशी सतत जन्मतात, तिथे त्याची उणीव आधी जाणवते. मग ज्या गर्भात पेशी दर काही तासांनी दुभंगत असतात, तिथे काय होत असेल?

या प्रश्नाचा पहिला इशारा एका औषधातून मिळाला. सुब्बारावांच्याच विभागात फॉलिक आम्लाच्या विरोधात काम करणारी अमिनोप्टेरिनसारखी औषधं तयार झाली होती. ती रक्ताच्या कर्करोगावर वापरली जात. १९५२मध्ये जॉन थीर्श यांनी दाखवलं की हे औषध गरोदरपणात दिलं तर गर्भ दगावतो किंवा व्यंग घेऊन वाढतो. मग लिव्हरपूलमध्ये प्रसूतितज्ज्ञ एलिझाबेथ हिबर्ड आणि बालरोगतज्ज्ञ रिचर्ड स्मिथेल्स यांनी १९६५मध्ये नोंदवलं की मेंदू-मज्जारज्जूचं व्यंग असलेलं मूल झालेल्या आयांमध्ये फॉलिक आम्लाच्या उणिवेची लक्षणं जास्त आढळतात. तिथेही हे दुखणं गरीब घरांत अधिक होतं. परळची नोंद आणि लिव्हरपूलची नोंद यांच्यात सुमारे साडेतीन दशकांचं आणि सात हजार किलोमीटरचं अंतर होतं, तरी दोन्हीकडे गरिबांचं ताट हेच कारण समोर येत होतं.

स्मिथेल्स यांनी असं एक मूल झालेल्या बायकांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या आणि व्यंगं खूप कमी झाली. तरी वैद्यक जगाचं समाधान होईना. रुग्णालयांच्या नीतिसमित्यांनी अर्ध्या बायकांना खोटी गोळी द्यायला परवानगी नाकारली होती, त्यामुळे तुलना पक्की नव्हती. गोळी घेणाऱ्या बायका मुळातच जास्त काळजी घेणाऱ्या असतील, अशी शंका उरली. शेवटी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने निकोलस वॉल्ड यांच्या नेतृत्वाखाली १९८३मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून चाचणी सुरू केली. आधी असं मूल झालेल्या १,८१७ बायका तिच्यात होत्या. एप्रिल १९९१मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली, कारण उत्तर स्वच्छ दिसत होतं. व्यंग असलेल्या २७ गर्भांपैकी फॉलिक आम्ल घेणाऱ्या गटातले ६ होते, न घेणाऱ्या गटातले २१. म्हणजे धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. लगोलग हंगेरीत एंद्रे सायझेल यांनी दाखवलं की पहिल्याच खेपेच्या बायकांनाही याचा फायदा होतो. अमेरिकेने १९९८पासून पिठात फॉलिक आम्ल मिसळणं सक्तीचं केलं.

भारतातही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८८मध्ये अनेक केंद्रांवर अशीच चाचणी हाती घेतली होती. १९९१च्या निकालानंतर ती थांबवावी लागली. तोवरच्या नोंदींत असं मूल पुन्हा होण्याचं प्रमाण गोळी न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के आणि घेणाऱ्यांत सुमारे ३ टक्के होतं. संख्या लहान, पण दिशा तीच. आपल्याकडे हे दुखणं किरकोळ नाही. पुणे विद्यापीठातल्या अनिता कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या अभ्यासांची छाननी करून २०१३मध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे ४.५ असा अंदाज काढला. जगाच्या हिशेबात तो बराच वरचा आहे.

याच काळात पुण्याजवळच्या सहा गावांत आणखी एक कथा आकार घेत होती. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये तिथल्या बायकांचा गरोदर होण्याआधीपासून अभ्यास सुरू केला. हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं जन्मताना अधिक चांगल्या बांध्याची होती. पण रक्त तपासल्यावर एक अनपेक्षित गोष्ट दिसली. फॉलिक आम्लाची उणीव थोड्याच जणींत होती. सुमारे दोन तृतीयांश बायकांत कमी होतं ते जीवनसत्त्व बी-१२. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून येतं, आणि फॉलिक आम्ल शरीराच्या कामी यायला त्याची साथ लागते. ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या स्मरणशक्तीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या झाल्या. गरोदरपणात ज्या आयांचं बी-१२ फार कमी होतं, त्यांची मुलं काही चाचण्यांत मागे पडलेली दिसली. मराठी मुलखात माळकरी घरं गावोगाव आहेत आणि गरीब घरात दूध डेअरीला घालून उरेल ते आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याला जातं. याज्ञिकांचा निष्कर्ष या वास्तवाशी जोडून वाचावा लागतो.

आता परभणीकडे येऊ. इथलं जुनं ताट वाईट नव्हतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हरभऱ्याचे सोलाणे, मेथी, चुका, शेपू, तांदुळजा, अंबाडी. यातल्या डाळींत आणि पालेभाज्यांत फॉलिक आम्ल भरपूर असतं, फार वेळ शिजवलं की मात्र ते घटतं. शिवाय उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि पालेभाज्या ताटातून जातात. लग्नं होतात तीही वैशाख-जेठात. नव्या नवरीच्या ताटात हिरवं पान सगळ्यांत दुर्मीळ असतं ते नेमकं याच दिवसांत, असं मला वाटतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर केलेल्या कामातून २०१८मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण आलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त आहे. रक्त वाढायला आणि वाढत्या मेंदूला दोन्ही लागतात. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलं गेलं. पण ज्वारी खाणाऱ्या घरात तो तांदूळ किती खाल्ला जातो, हा प्रश्न उरतोच.

सरकारी गोळीचा इतिहासही इथे आठवायला हवा. १९७०मध्ये देशभर लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी गरोदर बायकांना द्यायला सुरुवात झाली. विल्सने परळला पाहिलेला पांडुरोग हेच तिचं लक्ष्य होतं आणि त्यासाठी ती योग्यच होती. बाई नाव नोंदवायला येई, मग गोळ्या मिळत. बहुतेक जणींच्या बाबतीत तोवर तिसरा-चौथा महिना लागलेला असे. रक्तासाठी तेव्हाही उशीर झालेला नसतो. नळी मात्र कधीच मिटलेली असते. आता पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल द्यावं, आणि मूल हवं असेल तर आधीपासूनच द्यावं, असं सरकारी सूचनांत आहे. त्यासाठी दिवस जाण्याची वाट न पाहता आधीच कुणीतरी त्या घरी पोचायला हवं.

परभणीत ते पोचणं फार अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. राज्यात हे प्रमाण सर्वाधिक होतं. म्हणजे जवळपास निम्म्या घरांत पहिलं बाळंतपण अशा मुलीचं असू शकतं, जिची स्वतःची वाढ अजून चालू आहे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीच्या बाजूची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. फडावर कोयता घेऊन उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीची पाळी चुकते, तेव्हा तिच्या गावची आशाताई शेकडो किलोमीटर दूर असते.

किशोरवयीन मुलींसाठी २०१२-१३पासून आठवड्याला एक निळी गोळी शाळेत आणि अंगणवाडीत दिली जाते. दिवस जाण्याच्या आधीच मुलीच्या हातात पडू शकेल अशी ही सरकारी गोळी आहे, म्हणून तिचं मोल मोठं. तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. नळी मिटण्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची शिफारस आहे, म्हणजे आठवड्याला २,८००. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याच्या गोळीसाठी हाच २,८००चा आकडा सांगते. बी-१२ तर त्या गोळीत नाहीच. याज्ञिकांच्या गटाने त्याच सहा गावांत, १९९३नंतर जन्मलेल्या आणि आता वयात आलेल्या मुलामुलींना २०१२पासून रोज बी-१२ देऊन पाहिलं, लग्नाआधी आणि गरोदर होण्याआधी. त्या मुलींना झालेल्या बाळांच्या मेंदूच्या वाढीच्या चाचण्याही आता झाल्या आहेत आणि त्यांतले निकाल आशा वाढवणारे आहेत. गोळीतला फॉलिक आम्लाचा आकडा वाढवणं आणि तिच्यात बी-१२ घालणं याला खर्च फार येणार नाही. शाळा सुटलेल्या मुलीपर्यंत, फडावरच्या कोपीपर्यंत ती गोळी नेणं हे खरं कष्टाचं काम आहे, आणि ते काम जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या, अंगणवाडी ताईंच्या आणि साखर कारखान्यांच्या आवाक्यात आहे.